अप्पांना सिनेमातलं बोलणं कळावं म्हणून होम थिएटर बदलायचंय, सुरुवात कुठून करू? (सोलापूर)

पूर्वभागकर | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय. सगळं एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. हॉल १४ बाय ११ फूट, उंची १०. खाली शहाबादी फरशी, भिंतींना ऑइल पेंट, एका भिंतीला लोखंडी कपाट, समोर टीव्हीचं शोकेस. टीव्ही ४३ इंची. नऊ वर्षांपूर्वी ५.१ चा एक सेट घेतला होता, पाच छोटे डबे आणि एक वूफर. तोच अजून चालू आहे.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बत्तीस वर्षं मागावर काढली. आधी टॉवेलचे माग, नंतर जेकार्डवरच्या चादरी. कानात कापसाचे बोळे घालायचे, तेवढंच काय ते संरक्षण. आता वय ६८. गाणं ऐकू येतं, ढोल-हलगी ऐकू येते, पण सिनेमात माणसं बोलायला लागली की माझ्याकडे वळून विचारतात, "काय म्हणाला रे?" मी सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं गेलेली असतात. आवाज वाढवला तर मारामारीच्या सीनला तेच कानावर हात ठेवतात आणि शेजारची मंडळीही बोलतात. हल्ली टीव्ही लागला की ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. मला ते बघवत नाही.

बजेट ५० हजार. दोन दुकानं फिरलो. एका ठिकाणी ७.१ घ्या म्हणाले, दुसरीकडे छतात स्पीकर बसवा म्हणाले, तिसरा एक ओळखीचा दहा हजार वॉटचा सेट दाखवून गेला. मला यातलं काहीच कळत नाही. काय घेऊ?


ऐंशी_हर्ट्झ | शनिवार, रात्री ११.१५

पूर्वभागकर, खिशाला हात घालायच्या आधी चार गोष्टी सांगा.

टीव्हीपासून सेटपर्यंत कोणती वायर गेली आहे? मधला स्पीकर (सेंटर) नेमका कुठे ठेवलाय? अप्पा कुठे बसतात? आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये "डिजिटल आउट" समोर काय लिहिलंय? जमल्यास फोटो टाका.

सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं ५.१ मध्ये एकट्या सेंटरमधून येतं. डावा-उजवा स्पीकर संगीताला, मागचे दोन वातावरणाला, वूफर दणक्याला. तुमची तक्रार बोलण्याची आहे, म्हणून मला आधी तो एकच डबा बघायचाय.


पूर्वभागकर | रविवार, सकाळी ८.०५

वायर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून निघते आणि सेटला मागे लाल-पांढऱ्या दोन पिनांना लागते. सेंटर शोकेसच्या खालच्या कप्प्यात, काचेच्या आत आहे. समोर देवीचा फोटो आणि नातीच्या बक्षिसांचे कप. अप्पा डाव्या भिंतीच्या दिवाणावर बसतात, त्यांना टीव्ही तिरका दिसतो. डिजिटल आउटसमोर "पीसीएम" लिहिलंय.

आत्ता एकेका डब्याला कान लावून बघितला. पाचही डब्यांतून एकच आवाज येतोय!


सोल्डरगन | रविवार, सकाळी ९.३०

मालक, रोग सापडला. पंचवीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय, असे सेट आठवड्याला दोन येतात.

लाल-पांढऱ्या पिनांतून फक्त दोन चॅनल जातात, डावा आणि उजवा. सेटच्या आतलं सर्किट तेच दोन पाच डब्यांना वाटून देतं. म्हणजे बोलणं, संगीत, पाऊस, गाड्या, सगळं पाचही ठिकाणांहून एकत्र येतं आणि त्यात माणसाचा आवाज बुडतो. तुमच्या सेटनं नऊ वर्षांत खरं ५.१ एकदाही वाजवलेलं नाही. यात तुमची काही चूक नाही, विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं.

दुसरं, जुन्या डब्यांच्या पाठीवर ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) किती लिहिलेत बघा. अशा सेटमध्ये बऱ्याचदा ३ किंवा ४ असतात. नवा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीकडून आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणारा मुख्य डबा, साधारण ६ ते ८ ओहमच्या स्पीकरसाठी केलेला असतो. ३ ओहमचे डबे त्याला जोडले तर तो जास्त करंट ओढतो, तापतो आणि संरक्षणासाठी बंद पडतो, किंवा आऊटपुट उडतं. "जुने स्पीकर वापरून पैसे वाचवू" हा विचार सोडा.

आणि ते दहा हजार वॉट म्हणजे पीएमपीओ. क्षणभराचा, कागदावरचा आकडा. आरएमएस, म्हणजे सेट सतत देऊ शकतो ती ताकद, विचारा, तोच आकडा खरा.


ऐंशी_हर्ट्झ | रविवार, सकाळी १०.२०

वॉटचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण नवशिक्यांचे पैसे इथेच सगळ्यात जास्त वाया जातात.

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे ५० आणि १०० वॉटच्या रिसीव्हरमध्ये कानाला जाणवेल असा फरक फार थोडा. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, समजा ८७ डेसिबल. म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ८७. आठ फुटांवर तो ८० च्या आसपास येतो. आपण घरात बोलतो ते ६० ते ६५ डेसिबल. तुमच्या हॉलमध्ये नुसत्या बोलण्याला एक वॉटसुद्धा पुरतो! अप्पांना जास्त वॉट नकोत, स्वच्छ वाट हवी आहे, सेंटरपासून कानापर्यंत.


कानगोष्ट | रविवार, दुपारी १.००

मी स्पीकरवाली नाही, कानांचं काम करते. मूळची बार्शीची, सध्या पुण्यात श्रवणतपासणी करते. अप्पांबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज सहज असतो. आठ तासांच्या पाळीला ८५ च्या पुढे गेलं की कानाला धोका सुरू होतो. अशा आवाजानं आधी मार बसतो तो ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक-उंच आवाजांच्या वरच्या पट्टीला, विशेषतः ४००० च्या आसपास. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

आता बोलण्याकडे बघा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस. स, श, फ, त, थ, क ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि नाजूक. त्यामुळे अप्पांना आवाज येतो पण शब्द येत नाही. "काठ", "पाठ", "साठ" तिन्ही त्यांना जवळपास "आठ" सारखेच लागत असतील. ढोल स्पष्ट लागतो याचं कारणही तेच.

मारामारीच्या सीनला कानावर हात ठेवतात, हेही तुम्ही लिहिलंय. त्याला आमच्याकडे रिक्रूटमेंट म्हणतात. हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा झाला की एकदम सहन होत नाही. मधली जागा अरुंद झालेली असते. लोकांना वाटतं म्हातारा उगाच चिडतो. उगाच नाही, त्यांना खरंच त्रास होतो.

म्हणून आधी ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचं किती ऐकू येतं त्याचा आलेख, करून घ्या. सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात जा. श्रवणयंत्राची गरज निघाली तर ते टाळू नका. स्पीकर कितीही चांगला असला तरी तो श्रवणयंत्राची जागा घेत नाही.


पूर्वभागकर | रविवार, दुपारी १.२५

ताई, वाचून थोडा वेळ गप्प बसलो. लहानपणापासून आम्ही त्यांना "लक्ष द्या ना अप्पा" म्हणत आलोय. उद्याच सिव्हिलला नेतो.


होटगीकर | रविवार, सायंकाळी ६.१०

माझं वेगळं मत मांडतो. नवशिक्या माणसाला रिसीव्हर, वायरी, पाच-सहा डबे हे सगळं झेपत नाही. मी आईसाठी साउंडबार घेतला, वेगळा सेंटर असलेला ३.१ वाला. एक एचडीएमआय वायर लावली, रिमोटवर आवाज स्पष्ट करायचं बटण आहे, काम झालं. घरातल्या बायकामाणसांनाही चालवता येतो. ५० हजारांत उत्तम बार येईल आणि पैसे उरतील.


ऐंशी_हर्ट्झ | रविवार, सायंकाळी ७.००

होटगीकर, तुमचा सल्ला चुकीचा नाही. ज्याला एकच वस्तू आणून लावायची आहे त्यानं ३.१ बार घ्यावा, पण २.१ नको, त्यात सेंटरच नसतो.

पूर्वभागकरांसाठी मी तरीही रिसीव्हर म्हणेन. एक तर सेंटरचा स्पीकर मोठा, वेगळा आणि अप्पांच्या कानाकडे तोंड करून ठेवता येतो. दुसरं, सुरुवातीला तीनच स्पीकर घ्यायचे, डावा, मधला, उजवा. मागचे दोन पुढच्या वर्षी, वूफर जमेल तेव्हा. बिघडलं तर एक भाग बदलायचा, सगळं नाही. ७.१ आणि छतातले स्पीकर तर आत्ता मनातूनच काढून टाका. छतातल्या स्पीकरचं तंत्र, म्हणजे ॲटमॉस, २०१२ साली थिएटरात आलं, चांगलंच आहे, पण ते डोक्यावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी. आपल्याला माणसाचं बोलणं हवंय.

जुना चांगला रिसीव्हर पुण्यात मिळून जातो. घेताना एचडीएमआयची सगळी भोकं टीव्हीला लावून तपासा, एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरकडे आणायची सोय) आहे का बघा, आणि खोलीत स्पीकर जुळवायला लागणारा मोजणीचा मायक्रोफोन सोबत मागून घ्या. तो नसेल तर भाव पाडा. ईएआरसी, म्हणजे त्याचीच नवी आवृत्ती, नसला तरी चालेल. ॲपवरचे सिनेमे साध्या एआरसीवरूनही ५.१ मध्ये येतात.


अक्कलकोटरोड | रविवार, रात्री ९.४५

मशीन सोडा, हॉलचं काय? शहाबादी, ऑइल पेंट, लोखंडी कपाट. हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक जोरात टाळी वाजवा आणि ऐका. टाळीच्या मागून "टर्रर" असा शेपटासारखा आवाज आला तर भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. बोलण्याच्या प्रत्येक अक्षराला तीच शेपटी लागते आणि पुढचं अक्षर तिच्यात अडकतं.

आमच्या घरी चादरीचं काम होतं. सांगायची लाज नाही, मी माझ्या हॉलमध्ये सोलापुरी चादरीच लावल्यात. पण भिंतीला घट्ट ठोकू नका, तशी काही उपयोगाची नाही. पडद्यासारखी चुण्या घालून, भिंतीपासून चार बोटं तरी लांब, दांडीवर सोडा. चादर दुप्पट रुंदीची धरा. जागा शोधायला आरसा वापरा. अप्पांना जागेवर बसवा, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. जिथे अप्पांना आरशात स्पीकर दिसेल, तिथे चादर.


होटगीकर | रविवार, रात्री १०.१०

पण कापड वरच्या पट्टीचाच आवाज खातं ना? आणि ताई म्हणाल्या की अप्पांची वरचीच पट्टी गेली आहे. मग चादर लावून ती अजून कमी नाही का होणार?


कानगोष्ट | सोमवार, सकाळी ७.५०

प्रश्न अगदी योग्य जागी आहे. अप्पांपर्यंत दोन आवाज पोचतात. एक थेट सेंटरकडून, दुसरा भिंतींवर आपटून थोडा उशिरा. चादर पहिल्याला हात लावत नाही, कारण ती वाटेत नाही. ती दुसऱ्याला कमी करते. उशिरा आलेला आवाज नाजूक व्यंजनांवर पसरतो आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला त्याचा त्रास तरुण कानापेक्षा कितीतरी जास्त होतो. म्हणून चादर जरूर लावा. फक्त सगळ्या भिंती झाकू नका.


ऐंशी_हर्ट्झ | सोमवार, सकाळी ८.३०

ताईंना पूर्ण अनुमोदन. एकच भर घालतो, चादरीकडून वूफरच्या घुमण्याची अपेक्षा ठेवू नका. आवाज रोखायला साधारण त्याच्या लहरीच्या लांबीच्या पाव हिश्श्याइतकी जागा लागते. ४००० हर्ट्झला ते दोन सेंटिमीटर, चादर आणि मागची पोकळी सहज पुरते. पण तुमच्या १४ फुटी हॉलचा स्वतःचा घुमारा ४० हर्ट्झच्या आसपास आहे, तिथे पाव हिस्सा म्हणजे सात फूट! त्याला उपाय वूफरची जागा बदलणं हाच.

आणि फरशीवर टीव्ही ते दिवाण या पट्ट्यात एक जाड सतरंजी टाका. फुकटातलं सगळ्यात मोठं काम.


पूर्वभागकर | पुढचा शनिवार, रात्री ९.००

आठवड्याचा हिशोब देतो.

ऑडिओग्राम झाला. कागदावरची रेघ सुरुवातीला सरळ चालते आणि ४००० जवळ खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते, दोन्ही कानांना. ताईंनी न बघता सांगितलं होतं तसंच. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलंय, ट्रायल पुढच्या महिन्यात आहे. अप्पा आधी नको म्हणत होते, तो कागद बघितल्यावर तयार झाले.

दिवाण टीव्हीच्या समोर आणला, मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे. देवीचा फोटो देवघराजवळ लावला, कप वरच्या कप्प्यात. सेंटर काचेतून बाहेर काढून शोकेसच्या कडेला आणला. सतरंजी टाकली. अजून एक रुपया खर्च नाही आणि तरीही सीरियलमधल्या चारपैकी एका वाक्याला अप्पा वळून विचारत नाहीत.

आता चादरीचं सांगतो. टाळी वाजवली तर शेपटी ऐकून मीच दचकलो. बाजारातून नवीन चादर आणायला निघालो होतो, तर अप्पा म्हणाले, कपाटावरची पेटी उतरव. आत निळ्या-लाल मोरांची एक जुनी चादर निघाली. त्यांनी पालथी करून, काठावरचा धागा नखानं उचलून बघितला आणि म्हणाले, "ही माझ्या मागावरची. इथे एक तार चुकलीय बघ, त्या दिवशी तू झाला होतास." ती उजव्या भिंतीला लागली आहे, चार बोटं लांब, चुण्या घालून. डावीकडे दुसरी. टाळीची शेपटी आता नाही.


अक्कलकोटरोड | शनिवार, रात्री ९.२०

ती चादर उन्हाच्या झोतात येऊ देऊ नका हो. आणि धुताना गार पाण्यातच.


सोल्डरगन | शनिवार, रात्री ९.४०

छान चाललंय. आता खरेदी करताना वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या, दीड एमएमची दोन पदरी तांब्याची. या अंतराला ती पुरून उरते. महागड्या स्पीकर वायरींच्या मागे लागू नका. पण एक टोक ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरं चकाकलं तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा. लाल-काळा पदर रिसीव्हरला आणि स्पीकरला सारखाच लावा. एकाचा उलटा लागला तर मधला आवाज पोकळ होतो.

रिसीव्हर बंद शोकेसमध्ये ठेवायचा नाही. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ ला जातो, वर निदान चार-पाच इंच मोकळी जागा हवी. अर्थिंगही तपासून घ्या.


पूर्वभागकर | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३.३०

सामान आलं. पुण्याहून जुना रिसीव्हर १५ हजारांना, मायक्रोफोनसकट, हुतात्मा एक्स्प्रेसनं मांडीवर घेऊन आलो. तीन नवीन स्पीकर २६ हजार, डावा-उजवा आणि त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला सेंटर. वायर, स्टँड, बाकी सटरफटर धरून ४५ च्या आत.

डावा-उजवा एकमेकांपासून ८ फूट, अप्पाही दोघांपासून ८ फूट. सेंटर टीव्हीच्या खाली, शोकेसच्या अगदी कडेवर, खाली दाराची रबरी पाचर लावून अप्पांच्या कानाकडे उचललाय.

अडचण एकच, सगळं लावल्यावर सतत "हूंऽऽ" असा आवाज येतोय. स्पीकर खराब असेल का?


सोल्डरगन | रविवार, दुपारी ३.५०

स्पीकर ठीक आहे. सेट टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल वायर काढून बघा आणि सांगा.


पूर्वभागकर | रविवार, दुपारी ३.५५

काढली, आवाज बंद!!


सोल्डरगन | रविवार, दुपारी ४.१५

५० हर्ट्झचा हम आहे. केबलवाल्याची वायर गल्लीभर फिरून येते, तिची जमीन (अर्थिंग) वेगळी आणि तुमच्या घराची वेगळी. दोन्हींच्या फरकातून थोडा करंट वाहतो आणि तो स्पीकरला ऐकू येतो. केबलच्या वायरीत लावायचा आयसोलेटर मिळतो, तो टाका आणि टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर तिन्ही एकाच बोर्डावर घ्या. कुणी प्लगची तिसरी पिन तोडायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. हम जाईल, पण उद्या शॉक लागला तर माणूस जाईल.


ऐंशी_हर्ट्झ | रविवार, सायंकाळी ५.००

आता मोजणी. मायक्रोफोन हातात धरायचा नाही, दिवाणावरही टेकवायचा नाही. कॅमेऱ्याच्या तिपाईवर, अप्पांच्या कानाच्या उंचीला. पहिली जागा बरोब्बर अप्पांच्या डोक्याची, मग आजूबाजूला फूटभर सरकवत बाकीच्या. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर बंद, सगळे शांत. तुमच्याकडे शेजारी माग चालतात का? त्यांची धडधड जमिनीतून येते आणि मोजणी खालच्या पट्टीत फसते.

टीव्हीत डिजिटल आउट "पीसीएम" वरून "ऑटो" किंवा "बिटस्ट्रीम" करा, नाहीतर एआरसीतूनही दोनच चॅनल येतील. वायर एआरसी लिहिलेल्या भोकातच.


पूर्वभागकर | रविवार, सायंकाळी ५.१०

मागच्या गल्लीत आठ माग आहेत. सुट्टीच्या दिवशी बंद असतात, तेव्हा पहाटे करतो.

अजून एक विचारायचं होतं. जुना वूफर टाकून देऊ का?


सोल्डरगन | रविवार, सायंकाळी ५.४०

थांबा. मागे सहा पिनांचा ५.१ इनपुट आहे का? असेल तर त्यातल्या "सब" लिहिलेल्या एका पिनेत रिसीव्हरची सबवूफर आऊटची वायर घाला. आतला ॲम्प वूफर वाजवेल, पाच डबे काढून ठेवायचे. नवीन घेईपर्यंत हा चालेल.


ऐंशी_हर्ट्झ | रविवार, सायंकाळी ६.००

उत्तम युक्ती. मग रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये तिन्ही स्पीकर "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. त्याखालचं सगळं वूफरकडे जाईल, सेंटरचं ओझं हलकं होईल.

जागा शोधायला वूफर तात्पुरता अप्पांच्या दिवाणावर ठेवा, खालच्या पट्टीचं एखादं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेनं गुडघ्यांवर फिरा. जिथे घुमल्यासारखं न वाटता सगळे सूर सारखे लागतील, ती वूफरची जागा. मोजणी त्याच्यानंतर.

शेवटी हातानं दोन बदल. सेंटर ३ डेसिबलनं वाढवा. आणि डायनॅमिक रेंज कंट्रोल किंवा नाईट मोड चालू करा. त्यानं हळू बोलणं वर येतं, दणका खाली येतो. ताईंनी सांगितलेल्या अरुंद जागेत दोन्ही बसायला हवं. शौकीन लोक ते बटण बंद ठेवा म्हणतील. त्यांचे कान वेगळे आहेत.

सीरियल केबलवरून दोनच चॅनलमध्ये येतात, त्यांना रिसीव्हरचा डॉल्बी सराउंड मोड लावा. मधलं बोलणं ओळखून सेंटरला पाठवतो.


कानगोष्ट | रविवार, रात्री ९.१५

श्रवणयंत्राच्या ट्रायलच्या दिवशी त्यांना याच दिवाणावर, याच आवाजात बसवून बघा आणि काय वाटलं ते लिहून तपासणीला न्या. यंत्र लावणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. आणि यंत्र आल्यावर सेंटर परत थोडा खाली आणावा लागेल, लक्षात ठेवा.


पूर्वभागकर | पुढचा सोमवार, रात्री ११.३०

काल पहाटे पाचला उठलो. माग बंद होते. पंखा बंद केला तर अप्पाही उठले आणि दारात हाताची घडी घालून बघत उभे राहिले. मायक्रोफोन त्यांच्या डोक्याच्या जागेवर. प्रत्येक स्पीकरमधून टुंऽ टुंऽ वाजत गेलं. सहा जागा झाल्या. रिसीव्हरनं सेंटर अडीच मीटर दाखवला, टेपनं मोजलं तर आठ फूट दोन इंच, म्हणजे बरोबर. वूफर दाराच्या बाजूच्या भिंतीला, कोपऱ्यापासून तीन फुटांवर गेलाय. शोकेसखाली असताना तो घुमायचा, तिथे नाही घुमत. आयसोलेटर लावला, हम गेला.

आज रात्री एक जुना मराठी सिनेमा लावला. पंखा दोनवर. एका सीनमध्ये आई दाराआडून मुलीला काहीतरी कुजबुजून सांगते. मागे पाऊस. मी अप्पांकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. ती बोलली आणि अप्पा हसले. मला ते वाक्य नीट कळलं नव्हतं, माझं लक्ष त्यांच्याकडे होतं.

मी विचारलं, "काय म्हणाली हो?"

त्यांनी सांगितलं, शब्दन् शब्द. मग म्हणाले, "आता गप बस, पुढचं जातंय."